कल्पना मागण्याआधी कपाटं बघा: नव्या सुपरवायझरसाठी

बढतीचं पत्र हातात पडून पंधरा दिवस होत नाहीत तोच वरून विचारणा येते, "तुमच्या सेक्शनमधून या महिन्यात कायझेन (कामातल्या छोट्या सुधारणा) किती?" नवा सुपरवायझर घाबरतो. शिफ्ट सुरू होताना सगळ्यांना गोळा करतो आणि म्हणतो, "काहीतरी नवीन सुचवा." सगळे आपापल्या सेफ्टी शूजकडे बघतात. मागून कुणीतरी म्हणतं, "पंखा लावा साहेब." हशा. मीटिंग संपली.

मी हे सगळं करून बसलोय. भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटीतून उचलून मला लाइनवर सुपरवायझर केलं, आणि लोकांच्या कल्पना कुठे असतात हे कळायला मला आठ महिने लागले. ते आठ महिने तुमचे वाचावेत म्हणून हे क्रमाने लिहितोय. उदाहरणं शॉप फ्लोअरची आहेत. पण बँकेचं काउंटर किंवा हॉस्पिटलचा वॉर्ड सांभाळणाऱ्यालाही ती परकी वाटू नयेत, कारण साहेबापासून गोष्टी लपवण्याची पद्धत सगळीकडे सारखीच.

१. सध्या काय काय जुगाड चालू आहे ते बघा

माझ्या लाइनवर एक मामा होते. अॅल्युमिनियमच्या कास्टिंगला (ओतीव भागाला) ड्रिल मारल्यावर आतल्या खोल खाचेत चिप्सचा, म्हणजे धातूच्या किसाचा, गुंता अडकायचा. तो एअरगनने उडवायचा असं वर्क इन्स्ट्रक्शनवर छापलेलं. बारा सेकंद लागायचे, आणि निम्म्या चिप्स तोंडावर यायच्या. एकदा मी दुसऱ्या बाजूने, चहाच्या वेळेला आलो तर मामांच्या हातात वेल्डिंग रॉडचा एक तुकडा. टोक ठोकून चपटं केलेलं आणि किंचित वळवलेलं. ते आत घातलं, एक हिसका दिला, गुंता बाहेर. पाच सेकंद. मला बघताच तो तुकडा एप्रनच्या खिशात गेला. मागाहून कळलं की लाइनवर त्याला 'कानकोरणं' म्हणतात, तो दोन वर्षं वापरात आहे आणि ऑडिट आलं की कपाटात जातो. क्वालिटीतून आलेल्या माणसाला ते कोण दाखवणार?

तेव्हा पहिला आठवडा फक्त बघण्यात घालवा. कंट्रोल पॅनलवर मार्करची रेघ मारलेली असते: छापील सेटिंग चुकीचं आहे आणि खरं कुठे लागतं ते कुणालातरी माहीत आहे. बिनखाली उलटा क्रेट ठेवलेला असतो: बिन खाली पडतो आणि पाठ दुखते. फिक्स्चरखाली (भाग पकडून ठेवणाऱ्या चौकटीखाली) पुठ्ठ्याची घडी असते: फिक्स्चर झिजलंय आणि मेंटेनन्सला सांगून दमलेत. प्रत्येक जुगाड म्हणजे कुणीतरी स्वतःच्या खर्चाने सोडवलेली अडचण असते. अडचण काय, उपाय काय, दोन्ही समोर मांडलेलं, तुम्हाला फक्त वाचायचंय.

विचारताना एक जपा. "हे कुणी केलं?" हा पोलिसी प्रश्न झाला, त्याला "माहीत नाही साहेब" हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, "हे काढलं तर काय होईल?" माणूस सांगायला लागतो. आणि पहिल्या दिवशी मोबाइल काढून फोटो घेऊ नका. फोटो म्हणजे पुरावा.

२. एक जुगाड दिसताक्षणी थांबवा

वरच्या सगळ्यात एक अपवाद आहे. पॉवर प्रेसला दोन्ही हातांची बटणं असतात, दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये म्हणून. त्यातलं एक बटण टेपने दाबून ठेवलेलं, किंवा गार्डच्या स्विचला चुंबक चिकटवलेलं दिसलं तर "वा, काय डोकं लावलंय" म्हणायचं नाही. मशीन बंद, टेप काढा, मग बोला. बोटं परत येत नाहीत.

पण बोलायचं मात्र नक्की. टेप का लावली? टार्गेट एका हाताने केल्याशिवाय पुरं होत नाही म्हणून? बटणाची जागा अशी आहे की चारशे वेळा हात उचलला की खांदा भरून येतो म्हणून? मेमो देऊन मोकळं होणाऱ्या सुपरवायझरला पुढच्या आठवड्यात तीच टेप दुसऱ्या शिफ्टला सापडते.

३. उभे राहा, हातात स्टॉपवॉच न घेता

१९५० साली हिरोशिमातल्या तोयो कोग्यो कारखान्यात (पुढे त्याचीच माझदा झाली) शिगेओ शिंगो नावाचा सल्लागार मोठ्या प्रेसवर काम कमी का निघतं ते बघत होता. व्यवस्थापनाचं म्हणणं, प्रेस कमी पडतात, नवीन घ्यायला हवेत. शिंगोने नुसतं उभं राहून बघण्याची परवानगी मागितली. ८०० टनांच्या प्रेसवर डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायची वेळ आली. जुनी डाय उतरली, नवी बसली, आणि एक कामगार इकडे तिकडे धावायला लागला. डाय आवळायचा एक बोल्ट सापडत नव्हता. तासाभराने तो बोल्ट घेऊन आला. कुठून आणला? शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट काढला, कापला आणि त्याला आटे पाडले. आणि त्या शेजारच्या मशीनला उद्या बोल्ट लागेल तेव्हा?

त्या बोल्टच्या शोधातून शिंगोला एक साधा भेद दिसला: मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामं वेगळी आणि मशीन चालू असताना आधीच उरकता येणारी कामं वेगळी. डाय पटकन बदलण्याचं जे तंत्र पुढे जगभर गेलं त्याची सुरुवात इथली. आपल्याकडेही डाय बदलताना बघा. स्पॅनर शोधणं, क्रेनची वाट, "क्वालिटीवाला जेवायला गेलाय". बंद मशीनसमोरचा किती वेळ बोल्ट आवळण्यात जातो आणि किती वाट बघण्यात, ते तुम्हालाच कळेल.

एक पूर्ण चेंजओव्हर (एक डाय उतरवून दुसरी चालू होईपर्यंत) किंवा सलग दोन तास, एकाच जागी. लोकांना आधी सांगा की कशासाठी उभा आहे. वहीत एवढंच लिहा: माणूस जागेवरून कधी हलला, कशासाठी, किती वेळाने आला. स्टॉपवॉच दिसलं की टाइम स्टडी आली असं समजून हात आपोआप मंदावतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

४. टार्गेटचा प्रश्न टाळू नका

कार्यशाळांमध्ये हा विषय कधीच निघत नाही आणि सगळी गाडी इथेच अडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मामांना विचारलं, "हे कानकोरणं लपवता का?" त्यांनी दोन कारणं दिली. एक, कागदावर एअरगन लिहिलंय. दुसरं कारण त्यांनी हातातलं काम संपवून मग सांगितलं: "सात सेकंद वाचतात हे कळलं की टार्गेट वाढतं. मग ते सात सेकंद माझे राहत नाहीत." त्या सात सेकंदांत ते पाठ सरळ करायचे, पाण्याचा घोट घ्यायचे. मी त्यांच्याकडून कल्पना मागत होतो, म्हणजे खरं तर त्यांचा घोटभर पाण्याचा वेळ मागत होतो.

कंत्राटी माणसांची भीती याहून मोठी असते. सहा जणांचं काम पाच जणांत होतंय असं दिसलं तर सहावा घरी, आणि तो सहावा बहुतेक सुचवणाराच असतो.

सुपरवायझरच्या हातात टार्गेट ठरवणं नसतं, हे खरं. तरी दोन गोष्टी हातात असतात. पहिली, कागद भरायच्या आधी मॅनेजरकडे जाऊन विचारणं: या सुधारणेमुळे इथलं टार्गेट किती दिवस बदलणार नाही? मी सहा महिने मागून घेतले. त्यानंतर काय, हे मॅनेजरने सांगितलं नाही, आणि मामांनाही मी तसंच सांगितलं. खोटा शब्द दिला असता तर ते कानकोरणं त्या लाइनवरचं शेवटचं ठरलं असतं. दुसरी गोष्ट, सुरुवात अशा अडचणींपासून करा जिचा फायदा आधी ऑपरेटरला होतो. वाकणं, उचलणं, उष्णता, तोंडावर येणारं कूलंट, पन्नास फुटांवरची ट्रॉली. पंखा मागणाऱ्याला आधी पंखा द्या. हसण्यावारी नेलेली ती माझ्या लाइनवरची पहिली खरी सूचना होती. उन्हाळ्यात पत्र्याखाली काय होतं ते एसी केबिनमधून दिसत नाही.

५. आता लोकांना एकत्र बसवा, पण तोंडं बंद ठेवून

'ब्रेनस्टॉर्मिंग' लोकप्रिय केलं ते अॅलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकन जाहिरात व्यावसायिकाने. टीका नको, जितकं सुचेल तितकं बोला, असा त्याचा नियम. पण १९५८ साली येल विद्यापीठात हे तपासून पाहिलं तेव्हा उलटंच दिसलं: चौघांनी एकत्र बसून जितक्या कल्पना काढल्या त्यापेक्षा चार जणांनी वेगवेगळं बसून काढलेल्यांची बेरीज जास्त भरली. आपल्याकडे तर साहेब आधी बोलतात, मग जुना ऑपरेटर मान डोलावतो, मग बाकीचे "बरोबर आहे साहेब". एका वाक्यात वादळ शांत.

यावर १९६८ साली बेर्न्ड रोरबाख या जर्मन माणसाने लिहून कल्पना काढायची पद्धत मांडली. सहा माणसं, प्रत्येकाने तीन कल्पना लिहायच्या, पाच मिनिटांनी कागद शेजाऱ्याकडे, त्याने त्यावर आपल्या तीन. सहा फेऱ्या, अर्धा तास, १०८ कल्पना. आमच्याकडे एवढे कधी निघाले नाहीत. वीस-बावीस निघाले, त्यातले सहा-सात कामाचे. तेवढे खूप झाले.

आपल्या शॉपवर करताना थोडा फेर लागतो. फॉर्म छापू नका, फॉर्म दिसला की माणूस सही करून परत देतो. रद्द ड्रॉइंगची कोरी बाजू वापरा. मराठी, हिंदी, ज्याला जे येतं ते. ज्यांना लिहायचा संकोच आहे त्यांना चित्र काढू द्या. ऑपरेटरचं हातचं स्केच बऱ्याचदा आमच्या वाक्यांपेक्षा स्पष्ट असतं. प्रश्न अगदी बारका ठेवा. 'उत्पादकता कशी वाढवावी' यावर कुणालाच काही सुचत नाही. 'वॉशिंग मशीनमधून निघालेला जॉब (म्हणजे तयार होत असलेला भाग) हाताला चटका न लागता कसा उचलायचा' यावर सहाही जणांकडे काहीतरी असतं. आणि तुम्ही स्वतः लिहायला बसू नका. चहा सांगा.

जाता जाता: जपानमध्ये १९६२ पासून क्वालिटी सर्कल (अडचणी सोडवायला नेमाने बसणारे कामगारांचे छोटे गट) सुरू झाली, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती आपल्याकडे आली आणि बऱ्याच कारखान्यांत तिची स्पर्धा झाली. स्लाइड, बॅनर, घोषवाक्य, गटाला 'प्रगती' नाहीतर 'झेप' असं नाव. स्पर्धेला माझा विरोध नाही, बक्षीस घेताना घरच्यांनाही बरं वाटतं. पण स्लाइड करण्यात जितके दिवस जातात तितक्या दिवसांत दोन अडचणी सुटतात.

६. एका मशीनवर, एका शिफ्टला करून बघा

कल्पना चांगली की वाईट यावर चर्चा लांबवू नका. पुठ्ठा, केबल टाय आणि टूल रूममधला भंगाराचा डबा, एवढ्यावर पहिला नमुना होतो. उपाय दिसायला फार भारी असावा असंही नाही. वर ज्याचं नाव आलं त्याच शिंगोने १९६१ साली एका विजेच्या स्विचच्या जुळणीत दोन स्प्रिंगपैकी एक विसरली जाते ही तक्रार कशी सोडवली? प्रत्येक स्विच जोडण्याआधी दोन स्प्रिंग एका छोट्या ताटलीत काढून ठेवायच्या. जोडून झाल्यावर ताटलीत एक उरली तर चूक तिथेच समजते. खर्च, एक ताटली.

चाचणीआधी क्वालिटीला बोलवा, नंतर नको. कानकोरण्याच्या बाबतीत क्वालिटीच्या मुलाने पहिलाच प्रश्न विचारला की लोखंडी टोकाने मशीन केलेल्या भागावर ओरखडा आला तर? मी वैतागलो. मामा नाही वैतागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्रेझिंगच्या पितळी रॉडचं बनवून आणलं. विरोध करणारा माणूस आधी भेटला की असा उपयोगी पडतो.

वाहन उद्योगात काम असेल तर आणखी एक पायरी आहे, ती चुकवू नका. माणूस, मशीन, माल, पद्धत, यातलं काहीही बदललं तर तो 'फोर-एम चेंज' होतो. नोंद लागते आणि बऱ्याच वेळा ग्राहकाची मंजुरीही. कंटाळवाणं आहे, आठवडे जातात. पण मंजुरी नसलेली चांगली सुधारणा ऑडिटमध्ये सापडली तर पुढचं वर्षभर कुणी पुठ्ठ्यालाही हात लावत नाही.

७. उत्तर द्या, 'नाही' असेल तरी

कॅन्टीनच्या दाराशी सूचनापेटी असते. तिची किल्ली कुणाकडे असते ते विचारून बघा.

टोयोटाची सूचना योजना १९५१ साली सुरू झाली. आदल्या वर्षी एइजी टोयोडा अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात गेले होते, तिथली योजना बघून त्यांनी ती आणली. आपल्याकडेही तशीच पेटी आणली जाते, पण पेटीत चिठ्ठी टाकणाऱ्याचं लक्ष असतं ते चिठ्ठीचं पुढे काय झालं याकडे.

मी स्वतःपुरता नियम केला, दोन दिवसांत उत्तर. तीनच उत्तरं: "हो, करून बघू, या तारखेला"; "नाही, या कारणासाठी"; "मला माहीत नाही, अमुक माणसाला विचारून शुक्रवारी सांगतो". "बघू" हे उत्तर मी बंद केलं. मराठी कारखान्यात "बघू"चा अर्थ काय होतो ते प्रत्येक हेल्परला ठाऊक आहे. नकार मात्र लोक पचवतात. "यात चाळीस हजारांचा सेन्सर लागतो आणि वाचतात वर्षाला सहा हजार," असं सांगितलं तर सुचवणारा स्वतःच म्हणतो, "मग सेन्सर नको, साधा लिमिट स्विच लावला तर?"

नाकारलेल्या कल्पना एका वहीत ठेवा, नाव आणि तारखेसह. थ्री-एम या अमेरिकन कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर या संशोधकाला १९६८ साली चिकटतो पण सहज सुटतो असा गोंद सापडला. त्याचं काय करायचं हे कुणालाच कळेना. १९७४ मध्ये आर्ट फ्राय या सहकाऱ्याला चर्चमध्ये गाताना पुस्तकातले खुणेचे कागद सारखे गळून पडतात म्हणून तो गोंद आठवला, आणि १९८० साली पोस्ट-इट (चिकटवून सहज काढता येणाऱ्या चिठ्ठ्या) अमेरिकेच्या बाजारात आलं. बारा वर्षं. आठवायला फ्रायला तो गोंद माहीत तरी होता. तुमच्या आधीच्या सुपरवायझरने नाकारलेल्या सूचना तुम्हाला माहीत आहेत?

नाव कुणाचं लागणार हेही आधीच मिटवा. ज्याने जुगाड केलं त्याचं पहिलं, ज्याने सुधारलं त्याचं दुसरं, सुपरवायझरचं नाव नाही. मॅनेजरसमोर सांगायला त्यालाच उभं करा. बोलताना अडखळला तर अडखळू द्या, मधे पडू नका.

८. हिशोब खरा मांडा

दर जॉबला सात सेकंद, शिफ्टला सहाशे जॉब, म्हणजे ४,२०० सेकंद, सत्तर मिनिटं. मी हे मोठ्या अभिमानाने कागदावर लिहून नेलं. मॅनेजरने विचारलं, "मग सत्तर मिनिटांचे जॉब कुठायत?" कुठेच नव्हते. पुढचं वॉशिंग मशीन आपल्याच गतीने चालत होतं, त्यामुळे आमची घाई त्याच्यापुढे ढीग होऊन पडत होती. लाइनची गती सगळ्यात सावकाश ठिकाणावर ठरते. बाकी कुठे वेळ वाचला तर तो पाठीचा, खांद्याचा, पाण्याचा वेळ असतो. तोही वाचवण्यासारखा आहे, पण त्याला रुपयांत मांडू नका. डोळ्यात चिप गेल्याच्या किती नोंदी फर्स्ट एडच्या रजिस्टरमध्ये आहेत ते मांडा. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तेच नेलं, आणि सही झाली.

९. दुसरी शिफ्ट

सही झाली म्हणजे झालं असं वाटतं, आणि रात्रपाळीला एअरगनच चालू असते. "आम्हाला कुणी विचारलं?" हा त्यांचा प्रश्न रास्त असतो. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. तुम्ही रात्रपाळीला आठवडा तरी द्या. मी एक रात्र थांबलो, मामांनाही दोन तास जास्त थांबायची विनंती केली, त्यांनी तिकडच्या पोरांना स्वतः दाखवलं. मी बाजूला उभा होतो.

त्यानंतर कानकोरण्याला टूल नंबर मिळाला, वर्क इन्स्ट्रक्शनवर फोटो आला आणि शॅडो बोर्डवर (हत्यारं टांगायच्या फळ्यावर) त्याच्या आकाराची पिवळी जागा रंगवली. पंधरा दिवसांनी बघतो तर पिवळी जागा रिकामी. रात्रपाळीच्या एका पोराने ते स्वतःच्या कपाटात ठेवलं होतं, दिवसपाळीवाले वाकवतात म्हणून. टूल रूमला आणखी तीन बनवायला सांगितली.